रविवारी बंद पडणारी गाडी

दसऱ्यापासून होळीपर्यंत मी माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा मनापासून दुस्वास केला. माणूस तसा वाईट नाही. दारू पीत नाही, मोठ्याने बोलत नाही, जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलतो. पण दर रविवारी सकाळी तो जेसल पार्कहून यायचा, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बाबांच्या जुन्या मोटारसायकलपुढे उकिडवा बसायचा, आणि बाबा त्याच्यासाठी टॉर्च धरून उभे राहायचे. त्या टॉर्चवरून माझं डोकं फिरायचं.

कारण टॉर्च धरायचं काम माझं होतं, शाळेत असल्यापासून. बाबा गाडी उघडून बसले की मला खाली बोलवायचे आणि हातात टॉर्च द्यायचे. पाना नाही, पक्कड नाही, टॉर्च. "हलवू नकोस" याखेरीज त्या वेळात ते माझ्याशी काही बोलल्याचं मला आठवत नाही. तरी बघून बघून मी बरंच शिकलो. भाईंदरची हवा खारी, मिठागरांवरून येणारी. तिच्यात खिडकीचे गजसुद्धा टिकत नाहीत, पण बाबांनी ही गाडी टिकवली. टाकीला बारीक गळती लागली की ते कपडे धुवायच्या साबणाची वडी तिथे घासायचे आणि पुढचे कितीतरी दिवस काम भागवायचे. मी कॉलेजात असताना एकदा मला पाना मिळाला आणि मी नटाचे आटे घालवले. त्यानंतर विषय संपला. आता मी पंचेचाळिशी ओलांडली आहे, पण बाबांच्या लेखी मी अजून तो आटे घालवलेलाच आहे.

गेल्या दसऱ्याला नेहमीसारखी गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू चिरडलं. पुढच्याच आठवड्यात बाबा भाजी आणायला स्टेशनच्या बाजूला गेले आणि गाडी ढकलत परत आले. घामाने शर्ट चिकटलेला. मी म्हटलं, बघतो मी. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची दाढ काढायला निघालोय. मग त्यांनी जेसल पार्कला फोन लावला. जावई लिफ्ट बसवायच्या कामात आहे, त्यामुळे बाबांच्या दृष्टीने तो इंजिनियर.

रविवारी तो आला. बहीणही आली, डब्यात काहीतरी घेऊन. त्याने प्लग काढून पॉलिश पेपरने घासला, कार्बुरेटर सोडवून जाळी धुतली, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल किती आहे ते पाहिलं, सगळं परत बसवलं आणि किक मारली. गाडी सुरू झाली. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "याला हात आहे."

एवढंच. पण ते तीन शब्द मला दिवसभर पुरले. आयुष्यभर मी त्या माणसाला प्रकाश दाखवला, आणि हात मात्र दुसऱ्याचा.

मधे एक आठवडा गाडी बरी चालली, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी बाबा परत गाडी ढकलत आले. आणि मग तो नेमच झाला. शनिवारी गाडी रुसायची, संध्याकाळी फोन जायचा, रविवारी जावईबापू हजर. दर वेळी नवं निदान. कधी प्लगचा कार्बन, कधी पेट्रोलमध्ये कचरा, कधी चोकची तार. दर वेळी शेवटी गाडी सुरू व्हायची आणि थाप पडायची. मी गॅलरीतून बघायचो. खाली उतरलो तरी तिथे माझ्यासाठी काम नव्हतं, कारण टॉर्चसुद्धा बाबांकडे होता. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. माझी बायको एकदा कपडे वाळत घालता घालता म्हणाली, की नक्की कुणाचा हेवा वाटतोय ते तरी ठरवा, त्यांचा की गाडीचा. मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही.

खरं सांगायचं तर मला दोघांचाही हेवा वाटत होता. गाडीला निदान बाबा हात तरी लावत होते.

होळीच्या आधीच्या शनिवारी माझं टाळकं सरकलं. बाबा सकाळी गाडी ढकलत आणून वर जाऊन झोपले होते. मी ठरवलं, उद्या तो येईल तेव्हा गाडी सुरू असली पाहिजे, आणि ती मी केलेली असली पाहिजे. त्याने पार्किंगमध्ये यावं, आणि त्याला करायला काही असू नये. त्याचा चेहरा कसा होईल हेही मी बघून ठेवलं होतं मनात.

दुपारी खाली गेलो. किक मारून मारून पोटरी भरून आली, गाडी ढिम्म. प्लग काढला, घासला, ठिणगी पाहिली, चांगली निळी पडत होती. झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, अर्धी टाकी भरलेली. झाकण लावलं, पुन्हा किक मारली, आणि गाडी सुरू झाली. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. हात आहे, मला पण हात आहे. म्हटलं आता एक चक्कर मारून येऊ आणि मग हॉर्न वाजवत बिल्डिंगमध्ये शिरू, बाबा गॅलरीत येईपर्यंत.

मुर्धा ओलांडून राई गावापर्यंत गाडी मस्त पळाली. तिथे दोन आचके दिले आणि मेली. रस्त्याच्या कडेला सुकट विकायला बसलेल्या बाईंनी मान वर करून पाहिलं आणि परत आपल्या कामाला लागल्या. मी किक मारत राहिलो. प्लग आत्ताच साफ केलेला, ठिणगी आहे, पेट्रोल आहे, मग मरते कशाला? चिडून मी पुन्हा झाकण उघडलं, आणि या वेळी रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट नसल्यामुळे मला आवाज ऐकू आला. फुस्स. टाकीने श्वास घेतल्यासारखा.

मी झाकण लावून किक मारली. सुरू. म्हणजे ना प्लगचा दोष होता ना कार्बुरेटरचा. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं, हवा आत जायला. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही आणि गाडी गुदमरते. दर रविवारी जावई पेट्रोल बघायला झाकण उघडायचा, हवा आत जायची, गाडी सुरू व्हायची, आणि थाप मात्र त्याच्या पाठीवर पडायची. मी रस्त्यात एकटाच हसलो. मिळाला इंजिनियर.

पानाच्या टपरीवरून काडेपेटीतली एक काडी मागून घेतली, तासून बारीक केली आणि भोक कोरायला लागलो. वाटलं होतं गंज निघेल. निघाला पिवळट, चिकट गोळा. नाकाशी नेला. साबण होता, कपडे धुवायचा.

गोडदेवपासून उत्तनपर्यंत कुठलाही मेकॅनिक झाकणाच्या भोकात साबण भरणार नाही. साबणाचं काम कोणाचं, हे मला टॉर्च धरायच्या दिवसांपासून माहीत होतं.

घरी आलो तेव्हा बाबा चहा पीत बसले होते. मी तो गोळा त्यांच्या बशीच्या कडेला ठेवला. त्यांनी पाहिला, चहा संपवला, आणि स्वयंपाकघरात माझी बायको ऐकत नाही ना तेवढं बघितलं.

"पहिल्यांदा खरंच बंद पडली होती," ते म्हणाले. "दसऱ्याचं हळदकुंकू बसलं होतं भोकात. सोमवारी मी साफ केलं."

"मग?"

"मग गाडी चालायला लागली. आणि पुढचा रविवार आला तर घरात कोणीच आलं नाही."

बाबाच सांगत राहिले. आई गेल्यापासून बहीण कशी येत होती ते. श्राद्धाला आली, गणपतीला आली, सोफ्याच्या कडेला बसली, विचारून पाणी प्यायली, गेली. भाईंदरच्या पूर्वेहून पश्चिमेला यायला रिक्षाने किती वेळ लागतो, पण तिला माहेर लांब गेलं होतं. त्यात कोणाचा दोष नाही, घर आता माझ्या बायकोचं आहे, तसंच असायला हवं, हेही ते म्हणाले. पण गाडी बंद पडली त्या पहिल्या रविवारी नवरा खाली काम करत होता आणि हिला वेळ घालवायचा होता. तेव्हा तिने उठून आपण होऊन फ्रिज उघडला, काय आहे नाही ते बघितलं आणि शिळ्या भाताला फोडणी घातली. आई असताना घालायची तशी.

"मग सांगायचं ना तिला, दर रविवारी येत जा म्हणून," मी म्हटलं.

"बोलावल्यावर येतो तो पाहुणा."

हे सगळं ऐकून माझं मन भरून यायला हवं होतं. थोडं आलंही. पण त्याच्या वर जे आलं ते मी दाबू शकलो नाही. तिच्यासाठी या माणसाने आपली जीव की प्राण गाडी बिघडवली होती. दर शनिवारी या वयात ढकलत आणली होती. मी विचारलं, "आणि माझ्यासाठी काय बिघडवलंत कधी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना प्रश्न खरोखर कळला नव्हता.

"तू कुठे गेलायस," ते म्हणाले, "तुला बोलवायला?"

मी उठून गॅलरीत गेलो. उत्तर बरोबर होतं, म्हणूनच जास्त लागलं. रात्री जेवताना मी ठरवत होतो, उद्या जावयाला झाकणाचं सांगायचं. चांगलं सगळ्यांसमोर. सांगायला एक वाक्य पुरेसं होतं.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. मोरीतली साबणाची वडी घेतली, नखाने तुकडा काढला, खाली गेलो आणि झाकण उघडून भोकात बसवला. नुसता चेपला नाही. दोन्ही बाजूंनी दाबला, बोटाने पुसून सपाट केला. मग गाडी सुरू करून ठेवली, ती मरेपर्यंत थांबलो आणि वर आलो.

बहीण आली, थेट आत गेली. थोड्या वेळाने आतून ती आणि माझी बायको खोबरं कोणी संपवलं यावरून वाद घालताना ऐकू आल्या. खाली जावयाने प्लग काढला, कार्बुरेटर काढला. बाबा टॉर्च धरून उभे होते. मी बाजूला उभा होतो, हात मागे बांधून. या वेळी गाडी जास्तच सतावत होती. जावई कपाळ पुसत म्हणाला, "पप्पा, आज काय समजतच नाहीये. कुठेतरी एअर घेतेय वाटतं." मग कधीतरी त्याने पेट्रोल बघायला झाकण उघडलं, आणि पुढच्या किकला गाडी सुरू झाली. बाबांनी थाप मारली. मला जळायला व्हायचं ते झालंच, त्यात काही फरक पडला नव्हता.

जावई हात धुवायला नळाकडे गेला. बाबांनी झाकण उचललं, त्यावर टॉर्च मारला, भोकावरून अंगठा फिरवला. "माझा साबण गुरुवारपर्यंत सुटायचा," ते हळूच म्हणाले. "शनिवारी परत भरावा लागायचा. हा नाही सुटायचा."

मग त्यांनी टॉर्च माझ्याकडे दिला आणि झाकण लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात आहे तुला."