तंबू उतरल्याशिवाय नाही

हातातलं काम अर्धवट टाकून उठणारी माणसं मी सातपुरात ढिगानं पाहिली आहेत, आणि त्यात मी स्वतःही आलोच. काम पुरं झाल्याशिवाय जागची न हलणारी व्यक्ती मात्र आयुष्यात एकच भेटली, आणि ती हत्तीण होती. माझ्या वर्कशॉपसमोरच्या मैदानावर दर दोन-तीन वर्षांनी सर्कस उतरायची, तिच्याबरोबर ही यायची. गावभरच्या रिक्षांच्या मागे तिचा फोटो लागायचा, थेट नांदगावहून लोक तिला बघायला यायचे. जाहिरातीत तिला मोठं झोकदार नाव होतं, पण आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. माझी सख्खी आत्या अगदी अशीच होती, अंगानं भरभक्कम, पोटात माया, आणि दुसऱ्यानं केलेलं काम जन्मात पसंत न करणारी.

आत्याबाई सकाळी माझ्या नळावर पाणी प्यायला यायच्या. सोंडेनं नळ सोडायच्या आणि पोटभर पिऊन झालं की तो बंदही करायच्या, जे माझ्या चार कामगारांना वीस वर्षांत जमलेलं नाही. एकदा नळ ठिबकतच होता आणि मी दुर्लक्ष करून आत गेलो, तर बाहेरून शटरवर धडाधड धक्के. येऊन पाहतो तो आत्याबाई माझ्याकडे अशा काही बघत होत्या की मी त्याच दिवशी नळाचा वायसर बदलला. पट्टा न लावता घातलेलं हेल्मेटही त्यांना खपायचं नाही. शिफ्टला निघालेल्या माणसाच्या डोक्यावरून ते अलगद उचलायच्या आणि चाचा, म्हणजे त्यांचे मालेगावचे माहूत, गंभीरपणे सांगायचे, "पट्टा लगाओ भाई, वो सब देखती है." खाण्याचे नखरे तर विचारू नका. गूळ कागदातून सोडवून द्यायचा, नाहीतर तोंड फिरवायच्या. पण माझ्याकडे झाडलोट करणाऱ्या पेठ तालुक्याकडच्या बाईंच्या डब्यातली नागलीची भाकरी मात्र मागून घ्यायच्या. "माझ्या सासूनं कधी माझी भाकर मागून नाय खाल्ली," असं त्या बाई सगळ्यांना अभिमानानं सांगत सुटायच्या.

पण आत्याबाईंचा खरा तोरा तंबूपाशी दिसायचा. तंबूचा मधला खांब त्यांच्या जोरावर उभा राहायचा आणि दोर बांधायचे खुंटे त्या एकेक करून पायानं ढकलून तपासायच्या. मुक्काम संपला की तंबू उतरायचा. शेवटचा खुंटा आत्याबाई स्वतः उपटायच्या, चाचांच्या हातात द्यायच्या, मोकळ्या मैदानाकडे तोंड करून सोंड उचलून सलाम ठोकायच्या, आणि मग ट्रकमध्ये चढायच्या. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही आणि कुणाला मोडू दिला नाही.

पुढे सर्कशीत हत्ती ठेवायचा नाही असं ठरलं आणि मुक्काम ऐन भरात असताना लांबच्या एका प्राणिसंग्रहालयाचा ट्रक आत्याबाईंना न्यायला आला. चाचांनाही तिथे कामावर घेतलं होतं, त्यामुळे ताटातुटीचा प्रश्न नव्हता. आत्याबाई ट्रकपर्यंत गेल्या, फळीवर एक पाय ठेवला, मागे वळून पाहिलं आणि पाय काढून घेतला. ऊस दाखवला, केळी दाखवली, कागदातून सोडवलेला गूळ दाखवला. तो सगळा फराळ आटोपून त्या पुन्हा तिथंच उभ्या. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ट्रकबरोबर आलेले डॉक्टर म्हणाले, "आज चढली नाही तर गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागेल. या वयात ती त्यातून उठेलच, अशी खात्री मी देत नाही." दोन दिवस रडत असलेले चाचा आत्याबाईंच्या पायाला मिठी मारून बसले.

तेवढ्यात आमच्या झाडलोटीच्या बाई पदराला हात पुसत पुढे आल्या. "शेठ, ती तंबूकडं बघते. आम्ही द्राक्षाच्या मळ्यावरून गावाला निघतो, तवा झोपडी उतरवल्याबिगर कोणी निघतं का? तिचं आवरायचं राहिलंय ना!"

चाचांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! रोने में मैं यही भूल गया!"

रविवार होता, तरी कारखाने चालू होते, आणि चारच्या खेळाची रांग लागली होती. सर्कशीच्या मालकांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा आत्याबाईंकडे, आणि म्हणाले, "उतरवा तंबू!" तीनचा भोंगा झाला. शिफ्ट सुटलेले लोक डबे बाजूला ठेवून दोराला लागले, तिकिटाच्या रांगेतले लोकही लागले, मी तर पुढच्याच दोराला होतो. तासाभरात तंबू जमिनीवर आला. एक खुंटा तेवढा राहिला. आत्याबाई आल्या, सोंड गुंडाळली, खुंटा दोनदा हलवला आणि उपटून चाचांच्या हातात दिला. मैदानाला सलाम केला. मग कुणी काही न सांगता दमदार पावलांनी ट्रकमध्ये चढल्या. सातपुरानं असा जल्लोष कधी ऐकला नसेल. खेळ बुडाला म्हणून एकानंही कुरकुर केली नाही, आणि डॉक्टरांनी सुई बॅगेत टाकून आत्याबाईंना सलाम ठोकला.

गेल्या थंडीत मी त्यांना भेटून आलो. तिथेही त्यांचीच चलती आहे, लोक वाघाचा पिंजरा सोडून त्यांच्या कुंपणाशी गर्दी करतात. संध्याकाळी फाटक बंद झालं की चाचा आवाराच्या कोपऱ्यात एक खुंटा ठोकतात. "निकाले बिना सोती नहीं, साहेब. खडी रहती है." चाचांचे हात आता थरथरतात, म्हणून त्या दिवशी हातोडा मी घेतला. आत्याबाईंनी खुंटा पायानं ढकलून पाहिला, तो हलला, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्यानं पुन्हा ठोकला. मग त्यांनी तो उपटला, माझ्या हातात दिला आणि जिथे तंबू नव्हता त्या कोपऱ्याला सलाम केला. "मेरे बाद किसको मालूम रहेगा?" चाचा हळूच म्हणाले. मी तिथल्या पहारेकऱ्याला बोलावलं आणि आत्याबाई पास करेपर्यंत त्याच्याकडून चार वेळा खुंटा ठोकून घेतला.

निघताना फाटकाजवळचा नळ ठिबकत होता. मी मागे फिरलो, तो घट्ट बंद केला, आणि मगच बाहेर पडलो.