डासाच्या तोंडातली लॅब

मला डास चावत नाहीत, असं मी जन्मभर छातीठोकपणे सांगत आले. कारणही तयार होतं. लहानपणी कोकणात आमची आई काडेचिराईताच्या काड्या रात्री भिजत घालायची आणि सकाळी ते कडूजार पाणी आम्हा भावंडांच्या घशात ओतायची. "रगत कडू झाला काय डास तोंड लावनत नाय," म्हणायची. लग्न करून दहिसरला आले, चाळीत संसार केला, आता त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये राहते, पण ते पाणी काही सोडलं नाही. बाकीच्या बायका फटाफट स्वतःच्या पोटऱ्या बडवायच्या आणि मी मजेत भाजी निवडत बसायची. अंगावर पुळी म्हणून नाही.

ही बढाई अंगाशी आली ती नातीच्या वेळी. नात तेव्हा दहा महिन्यांची. सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, लोकांच्या हातातून रक्त काढते. तिची रजा संपत आली होती आणि येत्या सोमवारपासून पोरगी दिवसभर माझ्याकडे, असं ठरलेलं. दोघींना सवय व्हावी म्हणून सून आठवडाभर आधीच दुपारचे दोन-तीन तास बाहेर जायला लागली. दुसऱ्याच दिवशी परत येऊन बघते तर पोरीची पापणी सुजून डोळा बंद, मनगटावर टम्म गांधी. डॉक्टर म्हणाले, डास चावलाय, लहान मुलांना कधी कधी असं सुजतं, मलम लावा. दोन दिवसांनी परत तेच, या खेपेला पायावर.

सुनेने विचारलं, दुपारी घरात डास असतात का? मी म्हटलं, छे गं, मी तिला चिकटूनच बसलेली असते, एखादा तरी मला चावला असता की. तू तिला खाली बागेत नेतेस ना, तिथला असेल. म्हणजे बघा, खापर तिच्याच डोक्यावर. पण संध्याकाळी फोनवर कुठल्याशा पाळणाघराची चौकशी करताना मी तिला ऐकलं. मला राग आला. चाळीत अख्ख्या मजल्याची पोरं सांभाळलेली बाई मी, आणि माझीच नात परक्यांकडे?

मग डोक्यात आलं, पोरीचंही रक्त कडू करू या. शनिवारी सकाळी चमच्यात ते पाणी घेतलं, साखर घातली आणि तिच्या तोंडाशी नेणार, तर सून समोर उभी. ही आता मला सुनावणार म्हणून मीच आधी आवाज चढवला. बघ माझ्याकडे, म्हटलं, एवढी वर्षं पितेय, आहे का कुठे एक तरी डाग?

तिचं लक्ष माझ्या बोलण्याकडे नव्हतंच. माझ्या कोपराकडे होतं.

"आई, हलू नका," ती हळूच म्हणाली.

कोपराच्या जरा खाली काळा डास बसला होता, पायांवर पांढरे पट्टे. सुनेने मोबाइल जवळ आणला आणि मला पडद्यावर मोठं करून दाखवलं. त्याचं पोट हळूहळू लाल होत चाललेलं, डाळिंबाचा दाणा भरावा तसं. आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. डोळ्यांनी बघितलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. जड झालेला तो उडाला तसा तिने टाळीत पकडला. तिच्या तळहातावर माझं रक्त.

मुलगा चहा पीत होता, तो म्हणाला, आई, खानावळ चालवतेस आणि सांगतेस कुणी जेवायलाच येत नाही.

सून मात्र हसली नाही, रागावलीही नाही. माझ्या शेजारी बसली आणि तिच्या धंद्यातलं असल्यासारखं मला समजावून सांगायला लागली. मी रोज पट्टा बांधते, म्हणाली, मूठ वळायला सांगते, शीर चाचपते, तरी लोक ओरडतात. वर रक्त गोठू नये म्हणून नळीत आधीच औषध घातलेलं असतं. ही चावणारी मात्र सगळी लॅब तोंडात घेऊन फिरते. ही म्हणजे मादी; नर चावत नाही, हिलाच अंड्यांसाठी रक्त लागतं. सोंड आत घातली की ती लाळ सोडते. त्या लाळेत कितीतरी प्रथिनं. एक शीर रुंद करतं, एक रक्त गोठू देत नाही, एक आपल्या रक्तातल्या जखम बुजवायला धावणाऱ्या कणांना एकत्र येऊ देत नाही. गांधी उठते ती आपलं अंग त्या परक्या लाळेशी भांडतं म्हणून. पोरीचं अंग नवीन, ते जोरात भांडतं.

"तुम्हाला इतक्या वर्षांत इतक्या जणी चावल्यात, की तुमच्या अंगाने भांडण सोडून दिलंय."

मी हात मांडीवर ठेवून बघतच राहिले. शाळा माझी चौथीत सुटली, पुढचं जे काही आलं ते पुड्यांचे कागद वाचून. पण असलं काही वाचलं नव्हतं. बोटाने पुसला तर नुसता काळा डाग उरेल एवढासा जीव, आणि माझ्या रक्ताच्या खोडी त्याला माझ्याहून जास्त माहीत. कुणी शिकवलं? कुठल्या भांड्यात शिजवते ती हे? माझ्या रक्तावर किती अंडी घातली गेली असतील, दहिसर नदीकाठी माझा केवढा गोतावळा असेल, या विचाराने मला हसू आलं आणि अंगावर काटाही.

मग काटाच राहिला. माझ्या कातडीवर विश्वास ठेवून मी पोरीला माझ्या डोळ्यांदेखत डास चावू दिले होते.

दोघींनी मिळून घर उलटंपालटं केलं. फ्रिजच्या मागे पाणी साठायचा ट्रे असतो, तो मी कधी ओढूनच बघितला नव्हता. त्यात अळ्या वळवळत होत्या. ओतून दिल्या, ट्रे घासला. घासता घासता मी म्हटलं, पाळणाघरच बरं असेल तर ने बाई तिला, माझं काही म्हणणं नाही.

"डास कुठे नसतात, आई?" ती म्हणाली. "तुम्ही नाहीतच म्हणत होता ना, त्याची भीती वाटली मला."

सोमवारी तिने पोरीला माझ्या कडेवर दिलं. काहीतरी बजावायला तोंड उघडलं, मग तशीच चपला घालून गेली. दुपारी तिचा फोन आला, तेव्हा तिने विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, एक चावलाय गं, डाव्या पायाला, माझ्यासमोरच. मलम लावलंय, सूज थोडी आहे.

ती "बरं" म्हणाली, आणि पेशंट आलाय म्हणून फोन ठेवला.