पाटलीणबाईंची बिंदगी

माझ्या वडलांना तीन नावांनी हाक यायची, आणि तिन्हीतलं एकही बारशातलं नव्हतं. कानडी बोलणारी माणसं 'गौडा' म्हणायची, आमच्यातली 'पाटील' म्हणायची, आणि कचेरीचा चपराशी घोड्यावरून उतरायच्या आधीच 'पटेलसाब' म्हणून गाव डोक्यावर घ्यायचा. वडील तिन्हींना सारख्याच तोऱ्यात ओ द्यायचे. निजामाचं राज्य आपल्याच खांद्यावर उभं आहे, असं त्यांना मनापासून वाटायचं. मला तेव्हाही त्याचं हसू यायचं.

आईच्या वाट्याला मात्र एकच शब्द आला, पाटलीणबाई. परकरातली पोर असताना ती या घरात आली, आणि आजी गेल्यावर गावानं आजीचा शब्द तिला दिला. वडील तिला 'ऐकलं का' म्हणायचे, चुलती 'अक्का' म्हणायची, आम्ही बहिणी आई म्हणायचो. बाकी सगळ्या गावाला ती पाटलीणबाई. आईला स्वतःचं नाव असतं, हे पोरींच्या डोक्यात येतच नाही.

पण तो नुसता शब्द नव्हता. सासू-सुनेचं फाटलं की बाया वडलांकडे न जाता परसदारानं आईकडे यायच्या, आणि आई जे म्हणेल ते दोघी ऐकायच्या. शिवाय येळवस होतीच. मार्गशीर्षातल्या अवसेला आमच्याकडे सगळं गाव रानात जेवायला जातं. घरोघरची बाई आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, डोक्यावर घेऊन निघते. आमच्या गावात पाटलीणबाईंची बिंदगी वेशीतून बाहेर पडल्याशिवाय दुसरी एकही पडत नसे. बाया वेशीत थांबायच्या, त्यांच्यातली वयानं मोठी असेल ती हाक द्यायची, "पाटलीणबाई, चला आता," आणि आमचं घर वेशीला लागूनच असल्यानं आई आतनं ओ द्यायची. वडलांची पाटिलकी कचेरीच्या मर्जीवर चालायची. हा मान कुठल्या कचेरीनं दिला नव्हता, म्हणून आईला तो पक्का वाटायचा.

वडील दसऱ्याच्या सुमाराला गेले. आम्हाला भाऊ नव्हता. चिटगुप्प्याच्या कचेरीतून पाटिलकी चुलत्याच्या नावावर झाली, आणि त्यात कुणाची काही लबाडी नव्हती. रीतच तशी होती. आई एका शब्दानं बोलली नाही. तिनं भांडायला हवं होतं, असं मला आज या वयातही वाटतं. पण कुणाशी, ते अजून कळलेलं नाही.

माझं लग्न झालेलं होतं, तरी मी तिच्यासाठी माहेरीच राहिले. आईनं कोपरा धरला होता. कुणी आलं की ती कान देऊन बसायची. दूध घालायला येणारी बाई पूर्वी गल्लीच्या तोंडापासून हाका मारत यायची. आता ती उंबऱ्याशी येऊन खोकायची. मी एकदा तिला अडवलं. "कामून खोकायलीस? हाक मारायला जीभ न्हाई का?"

"मारली असती की माय," ती रडकुंडीला आली. "पर काय म्हनून मारू?"

तिचंही खरंच होतं. पाटलीणबाई आता चुलती होती. एका गावात दोन पाटलीणबाई चालत नाहीत. बाकी कुठला शब्द आईसाठी गावानं कधी ठेवलाच नव्हता. हळूहळू बायांनी यायचंच सोडलं.

येळवस आली. आमच्या घरात दुखवट्याचं वर्ष, त्यामुळं चूल साधीच पेटली. बाहेर बायांची गडबड ऐकू येत होती. डाळी-पालेभाज्यांच्या भज्जीचा वास घरोघरनं येत होता. आई ज्वारी निवडत होती, मी शेजारी बसले होते. तेवढ्यात वेशीतनं नेहमीसारखी हाक आली, "पाटलीणबाई, चला आता."

"आले गं, आले," आई म्हणाली.

म्हणता म्हणता उठली. सूप मांडीवरनं पडलं. मी तिचा पदर धरायच्या आत ती दारात उभी होती, मोकळ्या कपाळानं. समोर वेशीत चुलती डोक्यावर बिंदगी घेऊन उभी, मागं सगळ्या बाया. चुलतीच्या डोळ्यात पाणी आलं. तिला मी आजवर नावं ठेवली असतील, पण त्या दिवशी ती म्हणाली, "अक्का, तुमीच घ्या बिंदगी. तुमीच चला म्होरं."

सगळ्यांना माहीत होतं की ते होणार नाही. चुलतीलाही माहीत होतं.

आईनं चौकट धरली. मग म्हणाली, "व्हा म्होरं, पाटलीणबाई. ऊन व्हायलंय."

चुलती वेशीतनं बाहेर पडली, तिच्या मागं एकेक करून बाया गेल्या. गाव रिकामं झालं. आई आत येऊन सांडलेली ज्वारी गोळा करायला लागली. मी रडत होते, ती नव्हती. माझं मलाच सहन होईना. मी विचारलं, "आई, माहेरी तुला काय म्हणायचे?"

तिला आठवायला वेळ लागला. मग तिनं नाव सांगितलं. साधंच होतं, चार घरांत असतं तसं. मी ते इथं लिहीत नाही, ते तिचं आहे.

दुपारी ती परसात बसली होती, माझ्याकडे पाठ करून. कुणीतरी तिला हाक मारायला हवी होती. मी दारात उभी राहून ते नाव घेतलं. मग आणखी एकदा, मोठ्यानं घेतलं.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. कुणाला तरी हाक मारताहेत, एवढंच तिला वाटलं असेल.