हे रोजचं डोकं नव्हतं

कमलवहिनी गेल्याचं मला हॉस्पिटलच्या जिन्यावर कळलं. तिच्यासाठी शहाळं घेऊन मी वर येत होते, आणि दादा रडत खाली येत होता... दीड महिना झाला. भेटायला येणारे अजून म्हणतात, "तिचं तेवढंच आयुष्य होतं." मला हे मान्य नाही.

वहिनी धुळ्याकडची. इकडे गुजराती मुलखात, भेस्तानला, साड्यांना घड्या घालायच्या खात्यात आम्ही नणंद-भावजय शेजारी उभ्या राहायचो. बायकांसाठी संडास नव्हता, तेव्हा तिनं शेठला तोंडावर विचारलं होतं, "तुमच्या घरच्या बायका दिवसभर दाबून बसतात का?" पंधरा दिवसांत संडास झाला.

दिवाळीनंतर ती दादाच्या स्कूटरवर मागे बसून कामरेजहून येत होती. गाडी खड्ड्यात आदळली, मानेला जोराचा हिसका बसला. पडली नाही, खरचटलंही नाही. तिसऱ्या दिवशी मानेची डावी बाजू दुखू लागली, मग कानामागून अर्धं डोकं. डावी पापणीही जराशी उतरलेली. मी तिला गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मानेला हातसुद्धा लावला नाही. "टेन्शन छे, बेन." वहिनी जागची हलली नाही. "मनं डोकं शे, डॉक्टर. आजपावत असं कधीच दुखनं नही," ती अहिराणीतच म्हणाली. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. आणि मी... मीच तिचा हात धरून तिला बाहेर आणलं.

दोन दिवसांनी भाकरी थापताना तिचा उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं : हिसक्यानं मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलं, तिथे गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. ते दुखणं आधीच इशारा देत होतं. त्यानंतर वहिनी सहा दिवस होती. मी भरवायला गेले की डाव्या हातानं चमचा हिसकावून घ्यायची, सांडत-लवंडत स्वतःच खायची.

तेरावं झाल्यावर मी गल्लीतल्या डॉक्टरांसमोर जाऊन बसले. "डोकं तर सगळ्यांचंच दुखतं," ते म्हणाले. "सगळ्यांचं नाही, तिचं दुखत होतं. आणि हे वेगळं आहे असं तिनं तुम्हाला सांगितलं होतं."

गेल्या आठवड्यात खात्यातली नवी रेखा डोकं धरून बसली. मी हातातली साडी टाकून तिच्याकडे गेले. कधीपासून दुखतंय, कुठे, मान दुखते का, आधी कधी असं झालं होतं का... सुपरवायझर ओरडला, "मावशी, काम!" "आधी हिचं ऐकून घेते," म्हटलं, आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. निघालं काय, तर उपासाचं पित्त. परतल्यावर सगळ्या हसल्या. हसू देत. उद्या आणखी कुणी डोकं दुखतंय म्हणाली, तर उद्याही काम थांबेल.