नसलेलं बटण

कॉम्प्युटरवरचं ललित म्हणून जांभई देणार असाल, तर जरा थांबा. नगरपालिकेत मी अर्ज टाइप करतो आणि मधल्या वेळेत साहेबांची नक्कल. काल समोर सुमनकाकूंचा नळाचा अर्ज होता. बिचाऱ्या वर्षभर हंडे वाहतायत. साहेबांसारखं खाकरून मी म्हणालो, "नामंजूर!" आणि नकलेच्या भरात क्लिक केलंसुद्धा. पण तिथलं 'नामंजूर'चं लाल बटण गायब! नव्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याला त्याला आपल्या कामापुरतीच बटणं दिसतात. त्या पांढऱ्या जागेकडे मी बघतच राहिलो. लोक काहीतरी देऊन उपकार करतात. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कुणा अनोळखी माणसाने बटण काढून घेऊन केले. मनातल्या मनात हात जोडले, तोवर मागच्या टेबलावरून जाधवबाई कडाडल्या, "साहेबांचं खाकरणं तेवढं उचललंस, मेल्या! अर्ज नीट वाचणं कोण उचलणार?"