पाचपैकी तीन

माझ्या थोरल्या साडूंच्या संशयातून पार पडल्याशिवाय जगातली कोणतीही वस्तू पोहोचली असे म्हणता येत नाही. कोराडीच्या वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी भांडार विभागात गेली. ते निवृत्त होऊन प्रताप नगरात राहायला आले, त्यांच्यातले भांडार मात्र निवृत्त झाले नाही. मुलीने मोबाइलवर खरेदी करायला शिकवले आणि आठवडाभरात साडूंनी वस्तू सोडून त्या पोहोचवण्याच्या पद्धतींचा तौलनिक अभ्यास आरंभला. तुलना निर्दोष व्हावी म्हणून वस्तू एकच, चहाची गाळणी. एक गाळणी मोबाइलवर मागवून चौकातल्या किराणा दुकानात जाऊन घ्यायची होती. दुकानदाराने ती दिली, पण सोबत अर्धा किलो पोहेही खपवले. "ह्याले पोचवनं नाही, गळाले लावनं म्हनतात," असा शेरा पडला. दुसरी पेट्रोल पंपाजवळच्या लोखंडी कपाटात आली. मोबाइलवर आलेला आकडा दाबला की ते कपाट उघडते, असे म्हणतात. ते उघडेना, तेव्हा साडूंनी पंपावरच्या माणसाला विचारले, "याच्यावर साहेब कोन हाये?"

तिसरी गाळणी घरपोच. ती आणणारा चाळिशीचा गृहस्थ जुन्या मोपेडवर होता आणि "येऊन राहिलो काकाजी" असे चार वेळा फोनवर सांगून अर्ध्या तासाने तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत उगवला.

"काकाजी, चिंच तं दिसलीच नाही कुठं."

"दिसन कशी? सिमेंट रोडात गेली ते."

"मंग पत्त्यात 'चिंचेसमोर' काहून लिहिली?"

"पत्ता हाये तो. झाड गेलं म्हनून बदलत नसते."

गृहस्थ हसला, त्याने खोके स्वतः उघडून गाळणी दाखवली, पाणी प्यायला आणि गेला. साडू बेहद्द खूश झाले. त्या खुशीत त्यांनी त्याला पाचपैकी तीन तारे दिले. भांडारात हाताखालच्यांच्या अहवालात त्यांचा सर्वोच्च शेरा 'समाधानकारक' असे. 'उत्तम' हा शब्द त्यांनी उभ्या नोकरीत कोणाला लिहिला नाही. "उत्तम लिहिलं का मानूस बिघडते," हे त्यांचे मत.

घरपोच पद्धत विजयी ठरली, तरी फेरतपासणी चालूच राहिली. चौथ्या गाळणीला गृहस्थ दारातच थांबला. "काकाजी, तुमी मागच्या वेळी तीन दिले. आमच्याकडं तीन म्हंजे नापास. आनखी एकदा तीन आले तं हा एरिया जाते माह्या हातचा. पोरगी इथंच शाळेत हाये, दुपारी तिले घरी सोडता येते."

साडू चष्मा शोधायला आत धावले. दिलेले तारे बदलता येईनात. मोबाइल फक्त 'अभिप्रायाबद्दल धन्यवाद' म्हणत राहिला. मदत क्रमांकावर त्यांनी लेखी खुलासा द्यायची तयारी दाखवली, तर पलीकडच्या यंत्राने हिंदीसाठी एक दाबायला सांगितले. त्या दिवसाचे पाच तारे त्यांनी ताबडतोब दिले. पाचवी गाळणी मात्र भलत्याच माणसाने आणली. सहावी आणखी तिसऱ्याने. मोपेडवाल्याची चौकशी केली की उत्तर एकच, "कोन, काकाजी? इथं रोजच नवे येऊन राहिले."

"घरात मानसं दोन अन् गाळण्या तेरा," मेहुणी मला म्हणाल्या. "चहा गाळाचा का अंबाझरीचा तलाव?"

साडू आता कोणालाही, हेल्मेट उतरायच्या आत, पाच तारे देतात. न उघडलेल्या त्या कपाटालासुद्धा दिले.

परवा गेलो तेव्हा पंधरावी गाळणी मागवणे चालू होते. आणणाऱ्यासाठी सूचना लिहायच्या चौकटीत त्यांनी एका बोटाने लिहिले: 'मागील मोपेडवाले भाऊ यांचे काम समाधानकारक होते.' मग शेवटून एकेक अक्षर पुसत आले आणि लिहिले, 'उत्तम होते.'

"हे तिकडं कोनी वाचते ना गा?"

"वाचत असतील," मी म्हणालो.

त्यांनी मागणी पाठवली, टोपी घातली, जिना उतरले आणि पूर्वी जिथे चिंच होती तिथे, सिमेंटच्या रस्त्याकडेला उन्हात जाऊन उभे राहिले.