बांधावरचा अडुळसा

माझ्या सासूबाई, नवसाबाई, कुणाला भीत नव्हत्या. तलाठ्याला नाही, सासऱ्यांना तर नाहीच. भ्यायच्या एकाच गोष्टीला: घरचं कांद्याचं बी बुडेल. त्यांच्या आईने लग्नात दिलेलं ते बी. सायखेड्याजवळच्या आमच्या मळ्यात दर हिवाळ्यात त्या डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठी फुलवायचे कांदे, लावायच्या. फुलांवर मधमाश्या बसल्या नाहीत तर बी भरत नाही, म्हणून बांधभर अडुळसा, निरगुडी, तरवड. पाणी नको, खत नको, शेळीही तोंड लावत नाही. "नवसाबाई रान पोसते," लोक हसायचे.

"हसा. माश्यांना घर नको व्हय?"

अठ्ठ्याण्णव साली डब्यातल्या जुन्या बियाला ओल लागून ते कुजलं. सगळी भिस्त उभ्या डोंगळ्यांवर. ऐन फुलोऱ्यात आमच्या ह्यांनी शेजारच्या द्राक्षबागेतलं उरलेलं औषध आणलं आणि डोंगळ्यांवर, बांधावर मारलं. औषध वाया घालवणं आमच्याकडे पाप. दुपारी अडुळशाखाली मेलेल्या माश्यांचा सडा. सासूबाई त्या ओंजळीत वेचू लागल्या.

"गोरख, उमललेल्या फुलावर औषध मारतं का रे कुणी?"

"फुलकिडे लय झाले व्हते, आई. उरलेलं फेकून द्यायचं व्हतं का?"

दुसऱ्या दिवसापासून त्या एकेका फुलावरून तळहात फिरवू लागल्या. माश्यांचं काम माणसाने करायचं! जेवण तुटलं. एकदा म्हणाल्या, "सूनबाई, आईला काय तोंड दाखवू?" आई वारून वीस वर्षं झाली होती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

एप्रिलमध्ये डोंगळे वाळले. चोळून बघायचा त्यांना धीर होईना. "तू बघ," म्हणाल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. मी चोळलं, फुंकलं. नुसता भुसा उडाला. दुसरा, तिसरा, तोच भुसा. बांधाच्या पार टोकाला, जिथे पंपातलं औषध संपलं होतं, तिथल्या दोन ओळींत मात्र काळे दाणे हाताला लागले. मी हाक मारली तरी त्या वळेनात. मीच जाऊन त्यांच्या मुठीत दाणे ठेवले.

डब्याचा तळ तेवढा झाकला. तो डबा त्यांनी मुलाला दिला नाही, मला दिला. मोठा मान समजून मी घेतला. आता त्या नाहीत. शेजारच्या बागेत पंप सुरू झाला की मी चुलीवरचं दूध तसंच सोडून बांधाकडे धावते.